डाव्या टाचेचा खिळा

चितळाच्या मागे चालायला बूट कोणते घ्यावेत, हा प्रश्न मला आता वर्षातून दहा-बारा वेळा तरी विचारला जातो. मी साकोलीकडच्या जंगलात वनरक्षक आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे चितळ-सांबराची मोजणी असते. ठरलेल्या रेषेवरून पहाटे दोन किलोमीटर चालायचं आणि जनावराने आपल्याला पाहायच्या आत आपण त्याला पाहून मोजायचं. त्यामुळे नवीन भरती झालेले लोक, फोटोवाले, कॉलेजात जंगल शिकणाऱ्या मुली, सगळे माझ्या पायांकडे बघून विचारतात, मॅडम, हे बूट कुठले? मग मी मोठ्या तोऱ्यात भाषण देते. तळ इतका पातळ हवा की खालची काडी पायाला कळली पाहिजे. बूट दुपारनंतर घ्यावेत, तोवर पाय फुगलेला असतो. बंदाच्या टोकाचं प्लास्टिक कापून तिथे मेण लावावं. कोरं चामडं कुरकुरतं, त्याला जवसाचं तेल पाजावं. हे सगळं ऐकून लोक मला फार हुशार समजतात.

यातला एक शब्दही माझा नाही. हे सगळं लाखनीच्या नत्थूजींचं. ते गेल्या वर्षी पावसाच्या आधी वारले. मी तेव्हा वणव्याच्या ड्यूटीवर होते, कळलं तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं मनात आहे आणि दर वेळी लिहायला बसले की पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटून मी उठते. आज नाही उठायचं असं ठरवून बसले आहे.

लाखनीला उड्डाणपूल झाला आणि हायवेवरची बरीच दुकानं त्याच्या पोटाखाली गेली, त्यातलं एक नत्थूजींचं. वरून दिवसभर ट्रक धडधडत असायचे. खाली हा उंच, काटकुळा म्हातारा पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात स्टुलावर बसून बुटाचा तळ उसवत असायचा. घराणं विणकरांचं. वडील टसरचं कापड विणायचे, बहीण मागावर बसायची. नत्थूजींनी माग सोडून बुटांचा धंदा धरला तेव्हा नातेवाईकांनी त्यांच्यावर भरपूर तोंडसुख घेतलं होतं म्हणे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, पण कापड काही त्यांच्या बोटांतून गेलं नव्हतं. माणूस समोर आला की आधी त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघायचे. माझी वर्दी पहिल्याच दिवशी नापास झाली. "हे काट्याले घासलं का शिट्टी वाजवते," म्हणाले.

त्या दिवशी माझ्या पायात नागपूरहून आणलेले नवेकोरे, महागाचे बूट होते. खाली खोल खोल नक्षी. मी फक्त एक निघालेली शिलाई घालून घ्यायला गेले होते. नत्थूजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कायच्यासाठी घेतले?"

"मोजणीसाठी. चितळाच्या मागं जा लागते."

"चालून दाखवा."

मी दुकानातच दोन पावलं टाकली.

"इथं कायले? इथं त वरतून ट्रक जाऊन राहिले. मागं या."

मागे लांबट, अरुंद परस होतं. तिथे या माणसाने जमिनीवर जंगल मांडून ठेवलं होतं. आधी सागाचा वाळका पाला, मग पळसाचा, मग धानाचं तणस, मग नाल्यातली गिट्टी, मग ओली रेती. शेवटची दहा-बारा पावलं नुसती झाडून, सारवून, कडक केलेली जमीन. आणि त्या जमिनीच्या टोकाला एक बुटकं लाकडी पाटुलं. नत्थूजी त्यावर आमच्याकडे पाठ करून बसले, खाली वाकले आणि हात जमिनीकडे नेऊन काहीतरी वेचल्यासारखे हलवत राहिले. मला वाटलं, कंबर दुखत असेल.

"या मागून. मले आयकू आलं का मी हात वर करन. माया खांद्याले हात लावला त जोडा पास."

दुसऱ्याच पावलाला हात वर गेला.

"मॅडमबाई, तुमी येऊन राहिल्या हे भंडाऱ्यालेबी समजलं."

मी एकोडीची, धानाच्या बांधीतून अनवाणी पळत मोठी झालेली पोर. मला चालता येत नाही हे कोणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. राग आला, पण बूट तिथेच ठेवून आले. तीन दिवसांनी त्यांनी मला साधे कॅनव्हासचे घोट्यापर्यंतचे बूट दिले. कंपनीचा तळ काढून पातळ रबराचा तळ बसवलेला, आणि आत जुन्या टसरच्या कापडाचे दोन पदर. "टसर घाम पिते अन आवाजबी पिते," म्हणाले. चालही त्यांनीच शिकवली. टाच आधी टेकायची नाही, पायाची बाहेरची कड टेकायची. आणि तीन पावलं झाली की थांबायचं, मग दोन, मग पाच. "चितळ जोड्याचा रंग पायत नाही. ते चाल आयकते. जंगलात एकसारखी दोन पायाची चाल फकत मानसाची राह्यते."

त्या दिवशी तिसऱ्या खेपेला मी पाला, तणस, गिट्टी सगळं पार करून त्यांच्या मागे पोहोचले आणि विजयी वीरासारखा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तर हा माणूस असा दचकला की पाटुल्यावरून पडता पडता राहिला. मी येतेय हे त्यांना माहीत होतं. तरीही. तोंड पार उतरलं होतं. मी हसायला लागले, मग त्यांच्याकडे बघून थांबले. पाटुल्यावर नीट सावरून बसत ते म्हणाले, "पास."

मग डावा बूट हातात घेऊन आत गेले आणि ठक ठक असे दोन घाव ऐकू आले. परत दिला तेव्हा टाचेत एक लोखंडी खिळा होता, डोकं नखाएवढं बाहेर.

"बाबूजी, हे काय? एवढी मेहनत करून खिळा कायले ठोकला?"

"मायी पद्धत हाय."

बस्स. त्यांच्या हातचा जोडा हवा तर खिळ्यासकट घ्यायचा. फोटोवाले घरी जाऊन तो उपटायचे आणि पुढच्या खेपेला सापडायचे, कारण नत्थूजी आधी टाच बघायचे. खिळा नसला की बूट परत हातात. "दुसरं दुकान पाहा." आमच्या खात्यात यावर फार चेष्टा चालायची. मीही करायचे. म्हाताऱ्याला भीती वाटते की आपला जोडा हरवेल, म्हणून खूण करून ठेवतो, असं मी चार जणांना सांगितलंही होतं.

माणूस विक्षिप्त होता यात शंका नव्हती. जगाला बिनआवाजाचे बूट करून देणारा हा गृहस्थ स्वतः रबरी स्लिपर घालायचा, त्याही दोन माप मोठ्या. फटॅक फटॅक आवाज गल्लीच्या तोंडापासून यायचा. कोणाच्या घरी जायचं तर रस्त्यावरूनच हाक, "मी येऊन राहिलो बरं!" आणि कोणालाही मागे चालू द्यायचे नाहीत. बाजारात बरोबर निघालं की हाताने पुढे करायचे, "तू चाल पुढं." चुकून मागे राहिलंच कोणी, तर दर चार पावलांनी मान वळायची. मी एकदा म्हटलं, "बाबूजी, कोण येऊन राहिलं मागून?" त्यांनी दंडाला धरून मला पुढे केलं, आणि तो विनोद मी पुन्हा केला नाही.

एक प्रसंग माझ्या समोरचा आहे. दुपारची वेळ, मोठ्या गाडीतून एक देखणा, गोडबोल्या माणूस उतरला. जंगलात फोटो काढायचे आहेत, आवाज न होणारे बूट हवेत, म्हणाला. नत्थूजींनी त्याला परसात नेलं. तो चालला मात्र सुरेख. मी एवढं सुरेख चालणारं कोणी पाहिलं नव्हतं. पण नत्थूजी या वेळी पाठ करून बसले नाहीत. त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि बघत राहिले. तो शेवटच्या सारवलेल्या जमिनीवर आला, थांबला, डावा पाय पुढे आणि उजवा आडवा टेकून किंचित झुकला.

"तुमच्या मापाचा जोडा नाही माह्याकडं," नत्थूजी म्हणाले. भिंतभर बूट होते.

"अहो, नऊ नंबर. तो काय समोर आहे."

"नाही म्हटलं नं."

तो गेला. मी विचारलं, काय झालं? "फोटो काढनारा असा उभा राहत नाही. दोन पायावर सिधा उभा राह्यते. हे बंदूकवाल्याचं उभं राहनं हाय." मी गाडीचा नंबर लिहून घेतला, ते माझं कामच होतं. पण नत्थूजी त्यानंतर तासभर सुई ओवत बसले होते आणि दोरा काही सुईत जात नव्हता. शेवटी मी ओवून दिला.

खिळ्याचं कोडं सुटलं ते माझ्या एका फजितीमुळे. मार्च महिना होता. चितळासाठी तारेचे फासे लावणारा एक जण आमच्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडे राखायला दिलेल्या जंगलात, फिरत होता आणि तीन आठवडे मला हुलकावणी देत होता. एका सकाळी तो मला दिसला. कोरड्या नाल्यात गुडघ्यावर बसून तार पिळत होता, पाठ माझ्याकडे. मी शंभर पावलं आले, पाल्यातून, काट्यातून, आणि त्याला पत्ता नव्हता. वीस पावलं राहिली. मी नाल्यातल्या सपाट दगडावर डावा पाय टेकला आणि खिळा वाजला. टिक. एवढासा आवाज. त्याने वळून पाहिलं, तार टाकली आणि पलीकडच्या झुडपात असा घुसला की मी हात चोळत राहिले.

तशीच मोटरसायकल काढून लाखनीला गेले. डावा बूट नत्थूजींच्या पुढ्यात आपटला आणि तोंडाला येईल ते बोलले. पद्धत म्हणे! तुमच्या पद्धतीपायी माणूस पळाला. तो उद्या दुसरीकडे फासे लावेल, गाभण चितळ तडफडून मरेल, ते कोणाच्या डोक्यावर? नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"तुले पाहून त्यानं आवाज देला का? 'कोन हाय' म्हटलं का?"

"कायले आवाज देईन तो? पळाला नं!"

"पर त्यानं आयकलं. मागून कोणी येऊन राहिलं हे त्याले समजलं."

आणि त्यांच्या तोंडावर समाधान होतं. मला ते इतकं विचित्र वाटलं की माझा राग जागच्या जागी थंड झाला. त्यांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि मला परसात नेऊन बसवलं.

"मायी मोठी बहीण होती, कौसल्या. आमी तिले बाई म्हनो. तिचा मालक, माया भाटवा, शिकारीचा नादी. बापाची जुनी भरमार बंदूक होती त्याच्यापाशी. तवाबी बंदीच होती, पर कोण पायते? दर उन्हाळ्यात चितळाच्या मागं जाय अन हात हालवत वापस ये. टायरचा जोडा राहे पायात, खर्र खर्र वाजे. मी लय हासो त्याले. एका साली मले म्हणते, नत्थू, तू एवढा कारागीर, मले असा जोडा दे का माया मलेच आयकू येऊ नाही. मी देला. आठ दिस लागले. आतमधून लावाले टसरचं कापड बाईनंच देलं, तिच्या हातचं विनलेलं. असा जोडा मी मंग कधीच केला नाही, पोरी."

पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. मोहाची झाडं जंगलात असली तरी वाटून घेतल्यासारखी असतात. हे झाड या घरचं, ते त्या घरचं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वेचायला जात नाही. फुलं पडायला लागली की बाया पहाटे टोपली घेऊन आपापल्या झाडाखाली बसतात. खाली पडलेलं फूल दिसावं म्हणून पाला आधीच जाळून, झाडून जमीन लख्ख केलेली असते. आणि ती फुलं खायला चितळंही त्याच वेळेला येतात.

"एका ओळीत चार मोह होते. ज्याचे होते ते घरदार लगनाले गेलतं, चार दिसासाठी. हे भाटव्याले मालूम होतं. म्हणजे त्या मोहाखाली मानूस राहूच शकत नाही. पर त्या घरच्या म्हातारीनं जाता जाता बाईले सांगून ठेवलं होतं का आमचे मोह वाया जातीन, तू येचून ठेवजो. बाईनं हे घरी सांगतलंच नाही. सांगाची गोष्ट थोडीच होती ते? भाटवा आंधारात निंघून गेलता, ते त्याच्या मागून घरून निंघाली. उजाडून राहिलं होतं. चौथ्या मोहापाशी काहीतरी भुरं भुरं वाकून हालून राहिलं होतं."

वरून एक ट्रक गेला, तो पूर्ण जाईपर्यंत ते सारवलेली जमीन तळहाताने झाडत राहिले.

"तीस पावलावर गेला तो. तीस! झाडलेल्या जमिनीवरून चालत गेला अन माया जोडा वाजला नाही. टायरचा जोडा राहता त बाईनं शंभर पावलावरून म्हटलं असतं, कोन हाय? मोह येचनारी बाई आवाज देतेच. त्यानं म्हटलं असतं, मी हाव. बस. एवढंच लागत होतं."

भाटव्याला सजा झाली. तो भोगून आला आणि काही वर्षांनी मेला. "लोक त्याले बोलले, बंदुकीले बोलले, नशिबाले बोलले. मायाकडं कोणी पायलंच नाही. मी वाट पायली, पोरी. कोणीतरी म्हणन, नत्थू, जोडा तुया होता. मायनं म्हटलं नाही, भाटव्यानंबी नाही. म्हटलं असतं त मी रडलो असतो, भांडलो असतो, काही त झालं असतं."

मग त्यांनी खिळ्याचं सांगितलं. पाल्यात तो वाजत नाही, मातीत वाजत नाही, चितळाला त्याचा पत्ता लागत नाही. वाजतो तो फक्त मोहाखालच्या झाडलेल्या जमिनीवर आणि नाल्याच्या दगडावर. जिथे माणूस असायचा संभव, तिथेच. किती जोड्यांच्या टाचा फोडून त्यांनी हे हिशेबाने शोधून काढलं असेल, देव जाणे. मी त्या सारवलेल्या दहा-बारा पावलांकडे आणि टोकाच्या बुटक्या पाटुल्याकडे पाहिलं. दर गिऱ्हाइकासाठी हा माणूस त्या पाटुल्यावर बसून मोह वेचत होता. बाईच्या जागी. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी बूट उचलला, खिळा होता तसाच, आणि पायात घातला. तेव्हापासून मोहाखाली वाकलेली पाठ दिसली की मी दुरूनच खोकते. अजूनही.

दोन-तीन वर्षं गेली. मग नत्थूजींचे कान जायला लागले. आधी गिऱ्हाइकाला दोनदा विचारायचे, मग तीनदा. मी नव्या जोड्यासाठी गेले तेव्हा मुद्दाम तणसातून खसखस करत चालले, तरी हात वर गेला नाही. खांद्याला हात लावला तेव्हा ते इतके घाबरले की मी स्वतःला शिव्या घातल्या. मागून येणारं माणूस ऐकू न येणं, ही या एका माणसावर यायला नको होती अशी गोष्ट होती. त्यांच्या मुलाने नागपूरहून येऊन भंडाऱ्याला कान तपासून घेतले, यंत्र बसवलं. यंत्रात ट्रक आणि माणूस सारखेच ऐकू यायचे. परसातली वाट त्यांनी झाडून टाकली. सागाचा पाला चुलीत गेला.

ते वारले त्याच वर्षी, मोहाच्या दिवसांत, त्यांचा फोन आला. फोनवर ते ओरडून बोलायचे. "पोरी, तुया बीटमधी एका ओळीतले मोह हायेत का?" होते. "मले ने. तुये जुने बूट घालून ये."

मी साहेबांच्या परवानगीने जीप काढली. पहाटे निघालो. जीपमध्ये ते समोर बघत मोठ्याने बोलत होते. "डॉक्टरनं पुसलं, घरात आनखी कोणाचे कान गेलते का? अन मले आठवलं. बाईचा एक कान लहानपणीच वाहून वाहून गेलता. दुसरा मागाच्या खटखटीनं गेला. मी तिच्याशी वरडूनच बोलत जाओ. मले मालूम होतं पोरी, मी भुललो नव्हतो. पर कसं आठवू? बाईले आयकू येत नव्हतं असं म्हटलं त गलती तिची होते नं. मेलेल्या बाईवर कशी ढकलू?"

मी एका हाताने त्यांचा हात धरला. दुसरा स्टिअरिंगवर होता.

"आज पाहून घेतो," म्हणाले.

मोहाची फुलं पडत होती. आता आम्ही पाला जाळू देत नाही, बाया झाडून घेतात. जमीन तशीच लख्ख, कडक. त्या झाडांच्या मालकिणीला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, ती दूर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. नत्थूजींनी माझा डावा बूट उलटा करून खिळा अंगठ्याने चाचपला. घासला नव्हता. मग कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, चौथ्या झाडाखाली टोपली घेऊन पाठ करून बसले आणि वाकून फुलं वेचायला लागले.

मी लांबून निघाले. पाला संपला, झाडलेली जमीन लागली, आणि खिळा वाजायला लागला. टिक. टिक. त्या शांततेत तो मला केवढा मोठा वाटत होता. पहिलं झाड गेलं, दुसरं गेलं. उजाडत होतं. समोर त्या अर्धवट उजेडात भुरी दिसणारी एक वाकलेली पाठ हलत होती. भाटव्याने जे पाहिलं ते मी पाहत होते, माझ्या हातात फक्त काही नव्हतं. तीस पावलं उरली असतील. हात वर गेला नाही. मी टाच मुद्दाम आपटली. वीस. दहा. मला ओरडावंसं वाटलं, मी हाव, बाबूजी, मी हाव. त्यांची मान दिसायला लागली, मानेवरचे पांढरे केस दिसायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते दचकले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. हातातलं फूल टोपलीत टाकलं आणि माझ्याकडे वर पाहिलं.

"वाजत होता का?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "वाजत होता, बाबूजी. दर पावलाले."

"चांगला वाजत होता?"

"लय चांगला."

ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "मंग तिलेबी नसतं आयकू आलं," म्हणाले. "टायरचा जोडा राहता तरी." मग तोंडावर दोन्ही हात घेऊन रडले. मी शेजारी जमिनीवर बसून राहिले.

हा काही पुरावा नव्हता. त्यांचे कान अडुसष्ट वर्षांचे होते, बाई तेव्हा माझ्या वयाची असेल. तिला नक्की किती ऐकू येत होतं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. टायरची खर्र खर्र वेगळी आणि खिळ्याची टिक वेगळी, हेही मला कळत होतं. मी आयुष्यभर खरे पंचनामे लिहिले आहेत. हा एकच मी अर्धा सोडला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

रडून झाल्यावर त्यांनी खिशातून पकड काढली. घरूनच घेऊन आले होते. "आन तो जोडा. खिळा काहाडून देतो."

मी पाय मागे घेतला. "राहू द्या, बाबूजी. ज्याईले आयकू येते त्याईच्यासाठी राहू द्या."

त्यांना ते तीनदा सांगावं लागलं. मग पकड परत खिशात गेली.

जीपपर्यंत जायला पायवाट होती, एका वेळी एकाच माणसाची. मी सवयीने पुढे झाले. नत्थूजींनी माझं मनगट धरून मला थांबवलं.

"मी चालतो पुढं," म्हणाले.

यंत्र अजून खिशातच होतं. स्लिपरचा फटॅक फटॅक आवाज त्यांना येत नव्हता, मागचा माझा खिळाही येत नव्हता. हातातली मोहाची टोपली सांभाळत ते आपल्या चालीने चालत होते. रस्त्यावरची जीप दिसेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.